शाळेत ज्याला लंगडं बदक म्हणून चिडवायचे, त्याच डॉक्टरने सेरेब्रल पाल्सीचं कोडं पहिल्यांदा उलगडलं

जयसिंगपूर असो, शिरोळ असो नाहीतर कुरुंदवाड. एखादं मूल चवड्यावर, गुडघ्याला गुडघा घासत चालताना दिसलं की बघणारा लगेच म्हणतो, पोलिओ झालेला दिसतोय. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं निदान वेगळं असतं. पोरगीनं ग्रहण पाळलं नसणार, पोटुशी असताना काहीतरी कापलं असणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे खापर एकतर पोलिओवर फुटतं, नाहीतर आईवर.

आता यातला पोलिओ भारतातून जाऊन बरीच वर्षं झाली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यानंतर जन्मलेलं एखादं मूल जर पाय ताठ करून, टाच न टेकता चालत असेल तर त्याचं एक मोठं कारण असतं सेरेब्रल पाल्सी. बाकीचीही कारणं असतात, म्हणून डॉक्टरला दाखवावंच लागतं. पण पोलिओ आणि सेरेब्रल पाल्सी या दोन गोष्टी साफ वेगळ्या आहेत. पोलिओत पाय लुळा पडतो. सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांचा पाय लुळा नसतो, उलट नको इतका ताठ असतो.

हा फरक ज्या माणसाने नीट ओळखला, त्याचा स्वतःचा पाय लहानपणीच्या आजाराने वाकडा झाला होता. त्याचं नाव विल्यम जॉन लिटल.

लिटलचा जन्म ७ ऑगस्ट १८१० चा, लंडनच्या पूर्व भागातल्या ऑल्डगेटचा. वडील तिथे रेड लायन नावाची खानावळ चालवायचे. गोवर, गालगुंड, डांग्या खोकला असं सगळं लहानपणी होऊन गेलं आणि अगदी लहान वयातच एका आजारात डाव्या पायातली ताकद गेली. आजच्या भाषेत तो पोलिओच होता असं मानतात. पायातले काही स्नायू मेले, काही जिवंत राहिले, जिवंत असलेल्यांनी पाऊल आपल्या बाजूला ओढून घेतलं. टाच वर उचलली गेली, पाऊल आत वळलं. याला इंग्रजीत क्लबफूट म्हणतात. काही बाळांना तो जन्मतःच असतो, लिटलला नंतर आला.

पोराला शिकायला फ्रान्समधल्या सेंट ओमेरच्या शाळेत पाठवलं. तिथल्या पोरांनी त्याचं बारसं केलं, लंगडं बदक. शाळेतली पोरं कुठल्याही देशातली असोत, या बाबतीत सारखीच. लिटलला भाषा मात्र चांगल्या आल्या आणि त्याचा पुढे खूप उपयोग झाला.

सोळाव्या वर्षी तो एका औषधवाल्याकडे उमेदवारी करायला लागला. त्या काळात डॉक्टर व्हायचा हा रूढ रस्ता होता. १८२८ ला लंडन हॉस्पिटलमध्ये शिक्षण सुरू झालं, १८३२ ला परवाना मिळाला. पण या सगळ्या धडपडीमागे एक खाजगी मतलबसुद्धा होता. त्याला स्वतःचा पाय सरळ करायचा होता.

उपाय कागदावर सोपा होता. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला एका जाड दोरीने बांधलेले असतात. आपण तिला टाचेची शीर म्हणतो, डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात. ती आखडली की टाच टेकत नाही. मग ती कापायची, पाऊल सरळ करायचं, शीर वाढीव लांबीवर जुळून येते. अडचण अशी होती की तेव्हा भूल नव्हती, जंतू म्हणजे काय हे माहीत नव्हतं. उघडी जखम करून शीर कापली की ती पिकायची. फ्रान्समध्ये देलपेक नावाच्या सर्जनने १८१६ मध्ये हे करून पाहिलं, जखम चिघळली, लोकांनी इतकी टीका केली की त्याने पुन्हा त्या वाटेला जायचं नाव काढलं नाही.

१८३४ ला लंडन हॉस्पिटलमधली एक जागा लिटलला मिळाली नाही. मग गडी युरोपात निघाला. बर्लिनला त्या काळचे मोठमोठे डॉक्टर होते. तिथला नावाजलेला सर्जन डीफेनबाख तर शीर कापण्याच्या विरोधातच होता. पण लिटलला कळलं की हॅनोव्हरमध्ये लुई श्ट्रोमायर नावाचा एक सर्जन ही शस्त्रक्रिया वेगळ्या पद्धतीने करतो. तो कातडी उघडतच नाही. एक बारीक छिद्र पाडतो, त्यातून अरुंद वाकडा चाकू आत सरकवतो आणि कातडीच्या आडूनच शीर तोडतो. जखम एवढीशी, त्यामुळे पिकायची भीती कमी. नंतर लाकडी साच्यात पाय बांधून रोज थोडा थोडा सरळ करायचा.

लिटल हॅनोव्हरला गेला आणि जून १८३६ मध्ये भुलीशिवाय आपला पाय श्ट्रोमायरच्या हाती दिला.

शस्त्रक्रिया जमली. लिटल तिथेच थांबून ती शिकला, मग बर्लिनला परत गेला आणि टाच टेकवून डीफेनबाखच्या समोर उभा राहिला. विरोध करणारा डीफेनबाख स्वतःच ही शस्त्रक्रिया करायला लागला. १८३७ ला लिटलने बर्लिनमध्ये क्लबफूटवरच डॉक्टरेटचा प्रबंध दिला, म्हणजे स्वतःच्याच दुखण्यावर पदवी घेतली. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला त्याने इंग्लंडमधली अशा पद्धतीची पहिली शस्त्रक्रिया केली. पुढे मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवलं लुई श्ट्रोमायर लिटल.

इथे त्याची गोष्ट संपली असती तरी चाललं असतं. लंडनमध्ये त्याने वाकड्या हातापायांच्या रुग्णांसाठी वेगळी संस्था काढली, १८४० पर्यंत ती ब्लूम्सबरी स्क्वेअरला उभी राहिली आणि पुढे रॉयल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल म्हणून नावाला आली. गरिबांची पोरं तिथे रांगेने यायची. लिटलला पैसा मिळाला, नाव मिळालं.

पण त्या रांगेत काही मुलं अशी होती की ज्यांचं गणित त्याच्या स्वतःच्या पायाशी जुळत नव्हतं.

तीही चवड्यावरच चालायची. त्यांचीही टाच टेकत नव्हती. वरवर बघणाऱ्याला तोच आजार वाटावा. पण लिटल पायाला हात लावायचा तेव्हा वेगळंच लागायचं. त्याच्या स्वतःच्या पायात मेलेले, सैल स्नायू होते. या मुलांचे स्नायू जिवंत होते, नुसते जिवंत नव्हे तर सतत आवळलेले. पाऊल वर ढकलायला जावं तर पाय आणखी कडक व्हायचा. दोन्ही मांड्या आत ओढलेल्या, गुडघे एकमेकांवर घासणारे, कात्रीसारखे पाय. काहींचे हातही तसेच, काहींना बोलायला त्रास. आणि त्यातल्या कित्येकांची बुद्धी एकदम शाबूत.

लिटल आयांना विचारत गेला, जन्म कसा झाला होता? पुन्हा पुन्हा तीच तीन-चार उत्तरं यायची. बाळ दिवस भरायच्या आधी आलं. बाळंतपण फार वेळ अडलं. बाळ जन्मल्यावर रडलंच नाही, निळं पडलं होतं. पहिल्या काही दिवसांत झटके आले.

१८४३-४४ च्या त्याच्या व्याख्यानांत ही निरीक्षणं यायला लागली. मग वीसेक वर्षं तो नोंदी गोळा करत राहिला. २ ऑक्टोबर १८६१ रोजी लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेसमोर त्याने निबंध वाचला. विषय होता अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना श्वास कोंडणं याचा मुलाच्या शरीरावर आणि मनावर होणारा परिणाम. जवळपास २०० मुलं आपण पाहिल्याचं त्याने सांगितलं. दोष पायात दिसतो, पण तो सुरू होतो मेंदूत आणि मज्जासंस्थेत, असं त्याचं म्हणणं होतं. गंमत म्हणजे आपल्याआधी हे कुणी सांगितलं का हे शोधताना त्याला वैद्यकाच्या पुस्तकांत फारसं काही सापडलं नाही, म्हणून त्याने शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचा दाखला दिला. नाटकातला तो कुबडा राजा अपुऱ्या दिवसांचा जन्मलेला आहे.

समोर बसलेले लोक थोडे साशंकच होते. साहजिक आहे. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला बाळ जगलं की नाही एवढंच दिसतं. तेच मूल तीन वर्षांनी चालताना अडखळतं ते दिसतं दुसऱ्याच डॉक्टरला. दोन्ही टोकं जोडणारा माणूस मधे कुणी नव्हताच. लिटलने ती जोडली. या आजाराला पुढे कित्येक वर्षं लिटलचा आजार असंच म्हणत. विल्यम ऑस्लर या डॉक्टरने १८८९ मध्ये १५१ मुलांच्या अभ्यासावर पुस्तक लिहिलं, त्यात सेरेब्रल पाल्सी हे नाव होतं आणि पुढे तेच रूढ झालं. सेरेब्रल म्हणजे मेंदूचा, पाल्सी म्हणजे पक्षाघात.

आता थोडं विज्ञान, कारण ते कळल्याशिवाय ही मुलं अशी का चालतात ते कळत नाही.

कुठलाही स्नायू ताणला की त्यातून मज्जारज्जूला निरोप जातो आणि मज्जारज्जू त्याला आवळायचा हुकूम देतो. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो यामुळेच. ही व्यवस्था मोकाट सुटू नये म्हणून मेंदू वरून सतत लगाम धरून असतो. सेरेब्रल पाल्सीच्या ताठरपणाच्या प्रकारात या लगामाच्या तारांनाच इजा झालेली असते. मग पाऊल पुढे टाकलं, पोटरी जरा ताणली गेली की ती आवळते आणि टाच वर जाते. मूल हट्ट करत नसतं, आळसही करत नसतं. तू टाच टेक म्हणून ओरडून काही होत नाही. उलट घाबरलं, घाई केली की पाय आणखी ताठ होतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हातांपेक्षा पायच जास्त का धरतात, यालाही उत्तर आहे. मेंदूच्या मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात. पायाकडे जाणाऱ्या तारा त्या पोकळ्यांना सगळ्यात जवळून जातात आणि सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा नेमका तोच भाग सगळ्यात नाजूक असतो. इजा तिथे झाली की पाय ताठ होतात, हात बऱ्यापैकी चालतात.

सगळ्यांना ताठरपणाच येतो असं नाही. काही मुलांचे हातपाय आपोआप वळवळतात, काहींचा तोल जातो. पण बहुतेकांमध्ये ताठरपणाच मुख्य असतो.

मेंदूतली इजा वयाबरोबर वाढत नाही. मग दोन वर्षांचा असताना बरा चालणारा मुलगा बाराव्या वर्षी जास्त वाकून का चालतो? कारण हाडं भराभर वाढतात आणि कायम आवळलेला स्नायू त्या वेगाने लांब होत नाही. मूल उंच होतं, शीर आखूड पडते. म्हणून व्यायाम, ताण देणं, रात्री पायाला पट्टी लावणं हे वाढीचं वय संपेपर्यंत चालू ठेवावं लागतं. सहा महिने फिजिओथेरपी केली, फरक नाही म्हणून सोडली, असं केलं की नेमकं इथेच नुकसान होतं.

पुन्हा लिटलकडे येऊ, कारण त्याच्या निष्कर्षाची एक काळी बाजूही आहे. अवघड बाळंतपण हे कारण त्याने ठळक केलं आणि लोकांनी ते एकमेव कारण असल्यासारखं धरलं. मग दोष कुणाला? बाळंतपण करणाऱ्याला, नाहीतर आईला.

याला पहिला जोरदार आक्षेप घेणारा माणूस होता सिग्मंड फ्रॉइड. हो, तोच स्वप्नांवाला. मनोविश्लेषणाकडे वळायच्या आधी तो व्हिएन्नात मज्जासंस्थेचा डॉक्टर होता आणि १८९७ मध्ये त्याने लहान मुलांच्या या पक्षाघातावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा मुद्दा साधा होता. कदाचित बाळाच्या मेंदूत पोटात असतानाच काहीतरी बिघडलेलं असेल आणि बाळंतपण अडणं हा त्याच बिघाडाचा परिणाम असेल. म्हणजे आपण ज्याला कारण समजतोय ते लक्षण असू शकतं.

फ्रॉइडचं हे म्हणणं जवळपास ९० वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत सुमारे ५४,००० गरोदरपणांच्या नोंदींचा अभ्यास पुढे आला, तेव्हा दिसलं की सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांच्या बाबतीत जन्मताना श्वास कोंडणं हे कारण नव्हतंच. मूळ बऱ्याचदा गरोदरपणातच होतं. आपल्याकडे मात्र लिटलने सांगितलेली कारणं अजून पुसून टाकता येत नाहीत. उशिरा दवाखान्यात पोचलेली बाई, न रडलेलं बाळ, वेळेवर उपचार न झालेली तीव्र कावीळ, मेंदूज्वर, यातून आजही मुलांच्या मेंदूला इजा होते. काही मुलांमध्ये तर सगळ्या तपासण्या करूनही नक्की कारण सापडत नाही.

लिटलच्या यादीत, फ्रॉइडच्या यादीत आणि त्या अमेरिकन अभ्यासात ग्रहण कुठेच नाही. गरोदरपणी भाजी चिरणं नाही. सासूने कितीही ठामपणे सांगितलं तरी नाही.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात बरेच आईबाप फसतात. ज्या शस्त्रक्रियेने लिटलला चालतं केलं, ती आजही जिवंत आहे. जन्मतः वाकडं पाऊल असलेल्या बाळांना प्लास्टर लावून सरळ करतात, त्याला पोनसेटी पद्धत म्हणतात. त्यात बहुतेक बाळांची टाचेची शीर शेवटी बारीक छिद्रातूनच कापतात. श्ट्रोमायरने केलं तसंच, फक्त आता वेदना होऊ देत नाहीत. पण सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये हाच उपाय फार जपून करावा लागतो. दोन्ही पाय ताठ असलेल्या लहान मुलाची नुसती टाचेची शीर सैल केली तर काही वर्षांनी टाच टेकते खरी, पण गुडघे वाकून मूल बसल्यासारखं चालायला लागतं. ते दुरुस्त करणं आणखी अवघड. लगाम वरून सुटलेला असताना खालची एक दोरी कापून सगळं सुटत नाही.

म्हणून आता डॉक्टर लहान वयात व्यायाम, पायाची पट्टी, प्लास्टर, आवळलेल्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं असा रस्ता धरतात. शस्त्रक्रिया शक्यतो थोडी उशिरा, चालण्याची नीट तपासणी करून आणि मांडी, गुडघा, घोटा यातलं जे लागेल ते एकाच वेळी. एका इंजेक्शनात किंवा एका तेलात मूल पळायला लागेल असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून यावं. मूल किती चालू शकेल याचे पाच स्तर ठरवलेले आहेत. पहिल्या स्तरातलं मूल जिने चढतं, पाचव्या स्तरातल्याला बसायलाही आधार लागतो. आपलं मूल कुठल्या स्तरात आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. अपेक्षा आणि खर्च दोन्ही ताळ्यावर राहतात.

लिटलने स्वतः या ताठर मुलांवरही शीर कापायचे प्रयोग केले, काहींना फायदाही झाला. उतारवयात त्याला ऐकू येईनासं झालं. १८८४ च्या सुमारास काम सोडून तो केंट परगण्यात राहायला गेला आणि ७ जुलै १८९४ ला वारला. योगायोग बघा, त्याच वर्षी इकडे मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, ज्यामुळे मिरज पुढे डॉक्टरांचं गाव झालं. जयसिंगपूर तेव्हा वसलेलंही नव्हतं. शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसवली ती त्यानंतर वीसेक वर्षांनी.

लिटलचा दुसरा मुलगा अर्नेस्ट म्यूरहेड लिटल हाही हाडांचा सर्जन झाला आणि १९१८ ला ब्रिटिश ऑर्थोपेडिक असोसिएशनचा पहिला अध्यक्ष.

आज जयसिंगपुरातल्या आईबापांना हॅनोव्हर गाठावं लागत नाही, मिरज तर हाकेच्या अंतरावर आहे. गरज असते ती लवकर ओळखण्याची. बाळाची मान चार-पाच महिन्यांतही धरत नसेल, मुठी कायम आवळलेल्या असतील, काखेत धरून उचललं की पाय कात्रीसारखे होत असतील, वर्षाच्या आतच ते एकच हात वापरत असेल, आठ-नऊ महिन्यांत बसत नसेल, दीड वर्षात चालत नसेल, तर उशिरा चालणं आमच्या घराण्यातच आहे म्हणून थांबू नका. अंगणवाडीत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक याचसाठी असतं, त्यांना मूल दाखवा. ते जिल्ह्याच्या लवकर उपचार केंद्राकडे पाठवतात.

कागदपत्रांचंही लगे हात बघून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचं नाव स्वतंत्रपणे आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या सवलती मिळतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना लागू आहे, तिची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये आहे आणि दवाखान्यात दाखल न होता केलेल्या फिजिओथेरपीचा खर्चही तिच्यात ठराविक मर्यादेपर्यंत मागता येतो. बिलं जपून ठेवा.